बिनशिट्टीचं वरण

माझं अक्षर कोंबडीनं अंगण उकरावं तसं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ब्लाउजच्या मापांच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिते आहे. कुणाच्या हाती वही पडलीच तर चुका पोटात घालाव्या, आणि आमच्या ह्यांना दाखवू नये.

तर, माझ्या कुकरची शिट्टी दोन वर्षांपासून आमचे घरमालक बाबूचाचा यांच्या खिशात आहे.

आम्ही मंगरूळपीरला त्यांच्या घरातली पुढची खोली किरायानं घेतली तेव्हाची गोष्ट. हे ट्रकवर असतात. गेले की चार-चार दिवस येत नाहीत. राहायला येऊन तीनच दिवस झाले होते. दुपारी कुकर लावला आणि पहिली शिट्टी झाली न झाली तोच दारात एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस हात पसरून उभा.

"बेटी, शिट्टी दे."

मी पदर सावरत म्हटलं, "कायची?"

"कुकरची. माह्या घरात एक जन हाय. त्याले आवाज सोसत नाई."

"कोन बिमार हाय का, चाचा?"

"बिमार कायले? पैलवान हाय!"

ह्यांनी खोली बघितली तेव्हा मागच्या घरात पैलवान राहतो हे कुणी सांगितलं नव्हतं. मी मुकाट्यानं गॅस बंद केला, कुकर निवल्यावर शिट्टी काढून दिली आणि दाराला कडी घातली. दोन दिवस उघडली नाही. दोन दिवसांनी चाचांनी एक जुनं पितळी पातेलं दारात आणून ठेवलं. "याच्यात शिजव वरन. शिट्टीपेक्षा गोड लागते." पातेलं उचलताना मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं. बाजेवर मेथीची जुडी होती आणि जुडीमागे पैलवान. दोन वितींचा पांढरा ससा. माझ्या हातातून झाकण निसटलं तसा तो बाजेखाली गेला, आणि चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "पाह्यलं? आता दोन घंटे येत नाई बाहीर."

चाचा म्हणजे जिल्ह्यातले नावाजलेले ढोलवाले. पस्तीस वर्षं बँडमध्ये ढोल गळ्यात घालून फिरले. कारंज्यापासून रिसोडपर्यंत किती नवरदेव त्यांनी मांडवात नेले, त्याची गणती नाही. त्यात डावा कान पूर्ण गेला, उजवा अर्धा. त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जातं. रोज दुपारी ते दारात येऊन ओठांवर बोट ठेवत आणि ओरडत, "हळूऊऊ! पैलवान झोपला!"

समोरच्या शोभाकाकू म्हणत, "चाचा, ससा झोपला असन, पन गल्ली जागी केली तुमी!"

नवल म्हणजे त्या एका आवाजाला ससा भीत नसे. बाकी सगळ्याला भीत असे. पत्र्यावर चिंच पडली, भांडं घरंगळलं, मला शिंक आली, की हा बाजेखाली.

पैलवान मिळाला तो केनवडच्या एका लग्नात. श्रीमंतांचं लग्न होतं. मांडवाच्या दाराशी फोटोसाठी शोभेचा पिंजरा आणि त्यात ससे. पिंजऱ्याला लागूनच डीजेचे खोके. ढोलाचं काम आता अर्ध्या तासाचं असतं, नवरदेव मांडवात शिरेपर्यंत. पुढे डीजे. काम संपवून चाचा निघाले तर पिंजऱ्यात एकच ससा उरलेला, अंग चोरून बसलेला. त्यांनी तो उचलला. मला सांगताना ते स्वतःचा तळहात दाखवत. "मले आयकू येत नाई, बेटी. पन याची छाती माह्या हातात लागली. ताल नाई, ठेका नाई, नुसता थरथराट." सजावटवाल्याला त्या दिवसाची सगळी मजुरी देऊन ढोलाच्या खोळीत घालून त्यांनी त्याला घरी आणलं. त्यानंतर कामाला गेले नाहीत.

ससा घरात पाळणं म्हणजे काय, हे मला इथं राहायला आल्यावर कळलं. फरशीवर त्याचे पाय निसटतात म्हणून सगळ्या खोलीत पोती अंथरलेली. उन्हाळ्यात खिडकीला ओलं तरट आणि कोपऱ्यात पाण्यानं भरलेलं मडकं आडवं, त्याला टेकून बसायला. धान्याच्या डब्याएवढ्या टोपल्यात वाळलं गवत. विधीला जुनं घमेलं, आणि शहाणा असा की घमेल्यातच जाणार. दात मात्र फार वाईट. एकदा पुढच्या खोलीत आला आणि माझ्या शिलाई मशीनच्या मोटरची वायर कुरतडून ठेवली. बटन बंद होतं म्हणून वाचला. तेव्हापासून मशीनवरून उठताना मी बटन दोनदा बघते.

चाचा डोकं धरून बसले. नवी वायर, मेकॅनिक धरून चारशे ऐंशी रुपये लागले. मी म्हटलं, राहू द्या, किरायातून कापते.

"नाई! किराया येगळा, पैलवान येगळा. पैलवानाचं कर्ज माह्यावर."

चाचांना माझ्या किरायाशिवाय दुसरं उत्पन्न नव्हतं. तरी कधी वीस, कधी पन्नास, असे ते आणून देत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बागेचा रबरी पाईप कापून घरातल्या सगळ्या वायरी त्यात घातल्या. आमचं घर आतून दवाखान्यासारखं दिसू लागलं.

रोज सकाळी ते पेपर पसरून लेंड्या मोजत. "एकशे वीस! खुदाचं शुक्र!" आकडा कमी आला तर त्या दिवशी चहा घेत नसत. मला कानाचं काम दिलं होतं. दिवसातून दहा वेळा विचारत, "बेटी, आवाज हाय का कायचा?" मी मानेनं नाही म्हणायची. मी माणसांशी फार बोलत नाही. बाजारात भाव करायला भीते, गिऱ्हाईक पैसे बुडवून गेलं तरी मागायला भीते. पण हे काम मला जमत होतं. भित्र्या माणसाला ऐकू फार येतं.

एका गोष्टीचं चाचांना फार कौतुक होतं. संध्याकाळी ते लोखंडी पेटीवर बोटांनी ठेका धरत. थोड्या वेळानं पैलवान मागचा पाय भुईवर आपटे. धप! चाचा भुईवर तळहात ठेवून तो धप हातात घेत आणि त्यांचे डोळे भरून येत. "पाह्य, पाह्य! सम पकडते! पोट्टे धा-धा वर्स शिकले, त्यायले नाई जमलं!"

मला संशय होता. पाय आपटताना सशाचे डोळे मोठे होत आणि कान पाठीला चिकटत. भ्यालेलं मी ओळखते. पण बोलले नाही. हा माझा दोष आहे, तो इथं लिहून ठेवते.

मग एके सकाळी लेंड्या फक्त चाळीस निघाल्या. दुसऱ्या दिवशी अकरा. चाचांनी पैलवानाला खोळीत घेतलं, मला कानासाठी बरोबर घेतलं. ऑटो नको, इंजिनाचा आवाज होतो, म्हणून भर उन्हात पायी जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर म्हणाले, "चाचा, मी म्हशी-बैलांचा मानूस. याले काय खाऊ घालता?"

"ग्लुकोजचे बिस्कुट. ताकदीसाठी."

"बंद करा. गवत द्या, पाला द्या, पानी द्या. ससा हाय, पाव्हना नाई."

त्यांनी औषध दिलं. चाचांना हुरूप आला. "डाक्टरसाहेब, जनावर गुनी हाय पन. मी ठेका धरला का पाय मारते. ताल पक्का हाय."

डॉक्टर हसले नाहीत. मोठ्या आवाजात, चाचांच्या उजव्या कानाशी म्हणाले, "ताल नाई, चाचा. भ्यालं का आपटते. बाकीच्यायले सांगते, खतरा हाय, पया. जास्त आवाज करू नका. धसक्यानं मरते असं जनावर."

घरी आल्यावर त्यांनी खुंटीवरचा ढोल काढला, दोऱ्या ढिल्या केल्या, कुलसुमचाचीच्या जुन्या गोधडीत गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. कुलसुमचाची म्हणजे त्यांची बायको. आम्ही यायच्या आधीच वारल्या होत्या.

पैलवान आठ दिवसांत बरा झाला. पण चाचांच्या मनात 'धसका' शब्द बसला, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

वैशाखात शोभाकाकूंनी बातमी आणली. "परवा आपल्या गल्लीतून वरात हाय व! डीजे हाय. छातीत बसते म्हने."

चाचा नवरदेवाच्या घरी गेले, हात जोडले. तिथल्या एका मामानं सगळ्यांसमोर म्हटलं, "चाचा, जिंदगीभर लोकायचे कान तुमीच फोडले. आता एका सशासाठी आमी मुक्यानं लगन लावू काय?" लोक खूप हसले. चाचांना हसणं ऐकू आलं नसेल, पण दिसलं असेलच.

वरातीच्या दिवशी दुपारपासून आम्ही खिडक्यांना गोधड्या ठोकल्या. मी दाराशी कान लावून बसले. उन्हं उतरायच्या सुमाराला आवाजाआधी फळीवरची ताटं थरथरू लागली. मी चाचांची बाही ओढली. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

त्यांनी पैलवानाला माझ्या ओटीत दिलं. आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. "पोटाशी धर. डोळ्यावर हात ठेव. अंधार असला का कमी भेते." मग स्टुलावर चढून माळ्यावरची गोधडी ओढली, ढोल काढला, दातांनी दोऱ्या ताणल्या आणि अनवाणी निघून गेले. मला वाटलं, ह्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आवाजात आणखी आवाज घालायला निघाला.

मी मधल्या खोलीत गोधडी पांघरून बसले. आवाज आला. भिंती धडधडत होत्या, माझे दात एकमेकांवर वाजत होते. पैलवानाची छाती माझ्या पोटाला लागत होती, मोजता येऊ नये अशी. त्यानं माझ्या मांडीवर दोनदा पाय आपटला. पया, पया. कुठं पळू, बापा? तुझ्यासारखीच मी. मग त्याचं अंग एकदम सैल पडलं.

मी हाक मारली नाही, हललेही नाही. एवढंच मनात फिरत होतं की चाचा आल्यावर त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन हे मलाच मोठ्यानं सांगावं लागणार.

किती वेळ गेला कळलं नाही. मग लक्षात आलं, ताटं वाजायची थांबलीत. डीजे बंद होता. ढोल वाजत होता. मी नीट कान दिला. ढोल जवळ येत नव्हता. लांब लांब जात होता, दर्ग्याच्या रस्त्यानं तलावाकडं. आणि कुणीतरी माझा पदर ओढत होतं. गोधडी बाजूला केली तर पैलवान बसून माझी साडी खात होता. चांगली चार बोटं खाल्ली होती. साडीला भोक पडलं म्हणून मी कधी रडले नव्हते, तेव्हा रडले.

पुढची हकीकत शोभाकाकूंनी सांगितली. "चाचा डीजेच्या गाडीपुढं उभे राह्यले व! डीजेवाला म्हने, बाजूले व्हा. यायनं काहीच आयकलं नाई, बहिरे ते! हानला ढोल. नवरदेवाचा आजा मोटारीतून खाली उतरला, म्हने, अरे, याच्याच ढोलावर माह्या पोराचं लगन लागलं, बंद करा तो डीजे! अन् लागला नाचाले. मंग कोन थांबते? बायका नाचल्या, तो मामाही नाचला. चाचा पुढं अन् वरात मांगं. तलावाकडून फिरवून नेली मांडवात. डीजेवाला एकटाच राह्यला बटनं पाह्यत."

दिवेलागणीला चाचा आले. कुर्ता घामानं चिकटलेला, तळहाताची कातडी सोललेली. आत येईनात. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "हाय?"

मी मानेनं हो म्हटलं. पैलवानाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी सोललेला हात त्याच्या छातीवर ठेवला.

"कुलसुम म्हने, अजी, घरात वाजवू नका, माही छाती धडधडते. मी म्हनो, ढोलवाल्याची बायको अन् ढोलाले भेते? रोज वाजवो. मुद्दाम वाजवो." ते थांबले. "तिचा हात धरला का असाच लागे. अस्साच. मले वाटे, तिची आदत हाय."

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन त्यांनी खिसा माझ्यापुढे रिकामा केला. किल्ल्या पडल्या, माझ्या कुकरची शिट्टी पडली, आणि नवरदेवावरून ओवाळलेल्या दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटा, कुंकू लागलेल्या, काहींना अक्षता चिकटलेल्या.

"मोज. किती राह्यले?"

"वायरीचे? एकशे नव्वद, चाचा. राहू द्या."

"मोज."

मी मोजले. एकशे नव्वद झाले तशी उरलेली जुडी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती मेथीसाठी बाजूला ठेवली, शिट्टी पुन्हा खिशात टाकली आणि सशाच्या कानावरून बोट फिरवत, कुलसुमचाचीच्या गोधडीकडे बघत बोलले. इतक्या हळू, की दोन वर्षांत पहिल्यांदा मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"तुह्ये तं फिटले, बेटी."