तीन रेकॉर्डर आणि एक भिंग

"लिही," नीलकंठकाका म्हणाले. "नीलकंठ लांजेवार हे छत्तीसगडातले पहिले आणि अद्याप एकमेव मराठी गुप्तहेर. उंची मध्यम, बुद्धी नाही. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. सुटलीच, तर ती मुद्दाम सोडलेली असते. लिहून राहिली ना?"

"उंची मध्यम, बुद्धी नाही," मंजिरीने वाचून दाखवलं. "इथे पूर्णविरामच ठेवू?"

"ठेव. थोडक्यात बसते."

मंजिरी त्यांची पुतणी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, नव्या राजधानीतल्या नव्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची नोकरी, आणि राहायला रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात काकांचं घर. काका भाडं घेत नसत. त्याऐवजी संध्याकाळी तिला साहाय्यक व्हावं लागे. कधीकधी तिला वाटे, भाडं स्वस्त पडलं असतं.

रायपूर राजधानी झालं तशी गल्लीत ज्याला त्याला पदं मिळाली होती. समोरचे संचालक झाले, त्यांच्या बाजूचे उपसंचालक. काका मात्र रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून नुसतेच निवृत्त झाले. त्यांनी काही दिवस नेमणुकीची वाट पाहिली, मग स्वतःच स्वतःला नेमलं आणि एक भिंग विकत आणलं. सत्यभामाकाकूंनी त्याच दिवशी भिंगाची पूजा केली. या घरात आलेली कोणतीही वस्तू पूजेशिवाय घरातली होत नसे. फ्रिज, कूलर, गॅसची शेगडी, मंजिरीचं नेमणूकपत्र, सगळ्यांचं रीतसर स्वागत झालेलं होतं.

भिंग हाती आल्यापासून काकांना एकही केस साधी वाटली नव्हती. शेजाऱ्यांची चप्पल हरवो की दुधाची पिशवी फुटो, काका भिंगातून बघत आणि हळूच म्हणत, "तांबडा डाग आहे. रक्त." शेजारी आता चप्पल हरवली तरी त्यांना सांगत नसत.

त्यामुळे ही केस घरातच उभी राहिली.

घरात एक म्हातारा व्हिडिओ रेकॉर्डर होता. त्याच्यात काकूंच्या मुलीच्या, इंदूच्या लग्नाची कॅसेट चाले. त्या लग्नात काकूंच्या आईने मंगलाष्टकं म्हटली होती. आई आता नव्हती, आणि तिचा आवाज त्या फितीशिवाय जगात कुठेच नव्हता. काकूंकडे आईचे फोटो होते, पण काकू म्हणत, "फोटोत ते चूप हाय. आणि माही आई चूप कधी नव्हती."

मेकॅनिकने सांगून ठेवलं होतं की म्हाताऱ्याचं काही खरं नाही. फीत मागे-पुढे पळवू नका, एकदाच सरळ चालवा आणि त्या एका वेळेतच दुसऱ्या मशिनवर उतरवून घ्या. म्हणजे घरात एक डिजिटल रेकॉर्डर यायला हवा होता, कॅसेटवरचं डिस्कवर घेणारा.

"कोणता घ्यायचा, हा प्रश्न नाही," काका स्कूटरला किक मारत म्हणाले. "कोणता खोटं बोलून राहिला, हा प्रश्न आहे."

समता कॉलनीत भैय्यालालचं दुकान होतं. त्याने काउंटरवर तीन रेकॉर्डर मांडले. एक चंदेरी, एक काळा, आणि एक पोटात हार्डडिस्क असलेला, जरा लठ्ठ.

"मागे पिवळी-पांढरी-लाल पिन लागते ना?" मंजिरीने विचारलं. "जुन्या मशिनमधून घेता येईल?"

"हव दीदी, तीनों में लगता है."

"मग कोणताही चालेल, काका."

"गुप्तहेर कोणताही घेत नाही," काका म्हणाले आणि भिंग घेऊन काळ्या रेकॉर्डरवर वाकले. बराच वेळ वाकले. "याच्यावर तांबडा डाग आहे."

भैय्यालालने फडक्याने मशिन पुसलं. "अब देखिए बाबूजी."

"अजून आहे. हा गडी आधी कुठेतरी काहीतरी करून आलेला आहे." मग ते लठ्ठाकडे वळले. "याच्यावरही. दोघं मिळालेले आहेत."

"और चाँदी वाला?"

काकांचा हात दुखला होता, त्यामुळे चंदेरीला त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "हा निर्दोष. बांधा."

भैय्यालालने रिमोटने सगळं करून दाखवलं. डिस्कची थाळी बाहेर आली, आत गेली, दिवे लागले. चंदेरी रेकॉर्डर लहान मुलासारखं सांगितलेलं ऐकत होता.

घरी काकूंनी पूजा केली, पेढा ठेवला, साखर वाटली. काकांनी हुकूम दिला, "आधी म्हाताऱ्याला चालू कर. संशयिताला बेसावध गाठायचं असते." मंजिरीने कॅसेट चालू केली आणि रिमोट दाबला.

काही झालं नाही.

जवळून दाबला, लांबून दाबला, पाया पडल्यासारखा वाकून दाबला. मशिनच्या तोंडावर नुसती दोन बटणं, एक चालू-बंदचं आणि एक थाळीचं. बाकी सगळी अक्कल रिमोटमध्ये होती. तेवढ्यात म्हाताऱ्याने घशातून आवाज काढला आणि फीत खाल्ली. इंदूच्या वरातीचा बँड गेला.

काकूंनी मशिन ओल्या फडक्याने लख्ख पुसून खोक्यात भरलं, कारण वापरलेलं दिसलं तर दुकानदार परत घेणार नाही. मंजिरीने फीत बोटाने गुंडाळून आत घातली.

दुकानात रिमोट दाबताच चंदेरी रेकॉर्डरने थाळी बाहेर काढली.

भैय्यालालने ती आत घेऊन पुन्हा बाहेर काढून दाखवली. मंजिरीने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "मालकासमोर कबूल करते, आमच्यासमोर तोंड उघडत नाही. साक्षीदार फुटलेला आहे. काळा द्या."

"उस पर तो डाग था, बाबूजी."

"गुन्हेगाराकडून काम करून घ्यायची पण एक पद्धत असते."

काळा घरी आला. पूजा, पेढा, साखर. रिमोट दाबला. काळा ढिम्म. यावेळी म्हाताऱ्याने नवरदेवाच्या मामाचा नाच खाल्ला. त्याबद्दल कोणालाही वाईट वाटलं नाही, पण काकू एकदम खाली बसल्या.

"मामाच्या नाचानंतर माही आईच हाय," त्या म्हणाल्या.

मग कोणी चहासुद्धा मागितला नाही.

काका येरझाऱ्या घालू लागले. "मंजिरी, लिही. नवं मशिन चाललं नाही तर फायदा कोणाचा? म्हाताऱ्याचा. नवा आला की याची रवानगी माळ्यावर. म्हणजे हेतू आहे. आता संधी. हे दोघं एका वायरने जोडलेले. आतल्या आत हा त्याला धमकावून राहिला."

"काका, त्या वायरमधून फक्त चित्र आणि आवाज जातो."

"आवाजातच धमकी असते. आणि याच्या घड्याळाकडे पाह. वर्षानुवर्षं बारा वाजून राहिले याचे. कधीही विचारा, गुन्ह्याच्या वेळी हा म्हणणार, तेव्हा तर बारा वाजले होते. असा पुरावा सज्जन माणूस बाळगत नाही."

म्हाताऱ्यावर चादर टाकण्यात आली.

खरं सांगायचं तर मंजिरीचंही डोकं चालेना. तिने मोबाइलचा कॅमेरा रिमोटसमोर धरला. बटण दाबलं की डोळ्याला न दिसणारा उजेड कॅमेऱ्यात जांभळा लुकलुकताना दिसे. म्हणजे रिमोट बोलत होता, मशिन ऐकत नव्हतं. जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडाची ढवळाढवळ होत असावी, असं तिने छातीठोकपणे मांडलं. ट्यूब बंद केली. मशिन तसंच, आणि काकांचा गुडघा टीपॉयवर आपटला. तिच्या पदवीची घरातली किंमत त्या संध्याकाळी बरीच उतरली.

काकूंनी काळ्याला पुसून खोक्यात भरलं. दुकानात काळाही लगेच ऐकू लागला.

"अब ये आखिरी है," लठ्ठ रेकॉर्डर पुढे करत भैय्यालाल म्हणाला. "इसके बाद मशीन नहीं बदलूँगा, बाबूजी. आप घर बदल लीजिए."

तिसऱ्या वेळी मंजिरीने हट्टाने कॅसेट आधी लावली नाही. पूजा झाली. लठ्ठाने पेढ्याकडे पाहिलं आणि गप्प बसला. रिमोटचं बटण दाबून दाबून काकांचा अंगठा पांढरा पडला.

"केस बंद," ते म्हणाले आणि सोफ्यावर बसले. रिमोट त्यांच्या खाली होता, पण त्यांच्या नजरेतून तो सुटला. "घरात दोष आहे. जमिनीखाली काहीतरी पुरलेलं असावं."

"काही पुरलेलं नाही हो," काकू म्हणाल्या. "मले नको हे मशिन. पैसे परत घ्या. कॅसेट मी कपाटात ठेवते. नाही ऐकली तरी आई निदान आत तर राहील."

त्यांनी फडकं ओलं केलं आणि लठ्ठ रेकॉर्डर पुसायला घेतला. आवाज नेहमीचाच होता, पण पिळलेलं फडकं त्यांनी पुन्हा पिळलं. काका अस्वस्थ होऊन सोफ्यावर या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर झाले.

लठ्ठाची थाळी बाहेर आली.

काकू थबकल्या. "आताच जीभ काढली यानं."

"कोणी हात नाही लावला," मंजिरी म्हणाली.

"मी पुसलं फक्त." काकूंनी क्षणभर विचार केला. मग देवघरातून पंचपाळ आणलं, ओल्या हळदीचं बोट आणि वर कुंकवाचं बोट मशिनच्या तोंडावर जिथे मघाशी होतं तिथेच लावलं. काकांच्या खालून रिमोटचं टोक दिसत होतं. "हला बरं."

काका हलले. काही नाही. काकूंनी पुसलं. "आता हला." थाळी आत गेली. काकूंनी पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं, काका पुन्हा हलले. मंजिरीने चार वर्षं प्रयोगशाळेत घालवली होती, पण इतका नेटका प्रयोग तिने पाहिला नव्हता.

तिन्ही रेकॉर्डरांच्या गुळगुळीत तोंडावर एकच छोटी काळी काच होती, आणि रिमोटचं सगळं ऐकणं त्या काचेतून होतं. काकूंना तेच मशिनचं कपाळ वाटलं होतं. तिघांनाही त्यांनी तिथेच, भरघोस, अक्षतांसकट टिळा लावला होता, आणि परत देताना मनापासून पुसला होता. मंजिरीने तिन्ही वेळा तो पाहिला होता. पण या घरात फ्रिजपासून नेमणूकपत्रापर्यंत सगळ्याला कुंकू. दिसायचं ते केव्हाच थांबलं होतं.

"मला हाच संशय होता," काका म्हणाले.

"उठा आता रिमोटवरून," काकू म्हणाल्या. मग त्यांची नजर टीपॉयवरच्या भिंगाकडे गेली. फडकं हातात होतंच. काकांनी "अगं, पूजेचं आहे" म्हणेपर्यंत मधोमध वाळलेला तांबडा ठिपका पुसला गेला होता.

काकांनी भिंग उचलून स्वच्छ काच उजेडाकडे धरली. "म्हणजे दुधाच्या पिशवीवरचं रक्त..."

"कुंकू," मंजिरी म्हणाली.

"आणि चप्पल?"

"कुंकूच, काका."

लठ्ठाला टिळा डोक्यावर, झाकणावर लावण्यात आला. म्हाताऱ्याची चादर काढली. मंजिरीने आधी रेकॉर्डिंग चालू केलं, मग कॅसेट. म्हाताऱ्याने घसा खाकरला. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला, जणू खोकणाऱ्या माणसाला धीर द्यावा.

पडद्यावर मांडव आला, अंतरपाट आला, आणि गर्दीत पुढे सरकत एक ठेंगणी म्हातारी आली. तिने भटजींना हाताने थांबवलं आणि सुरू केलं. सूर भटजींच्या जरा वर लागला होता. तिने तो सोडला नाही, शेवटी भटजींनीच आपला बदलला. काकू हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्याच फडक्याने. नाक पिवळं झालं.

फीत संपेपर्यंत म्हाताऱ्याने काहीही खाल्लं नाही. लठ्ठाच्या पोटात सगळं उतरलं होतं.

काकांना मात्र चैन नव्हतं. त्यांनी ते परत लावायला सांगितलं, पडद्याजवळ गेले आणि भिंग डोळ्याला लावून म्हातारीच्या चेहऱ्यावर वाकले. मग हळूच मागे वळले.

"सत्यभामा, तू नीट पुसलं नाही. तांबडा डाग आहे अजून. अगदी मधोमध."

"काच साफ हाय," काकू म्हणाल्या. "ते आईचं हाय. ते राहू द्या."