माईंचा न हसलेला फोटो

"मी आता मरणार गं," माईंनी दारातच चपला काढता काढता सांगितलं.

"कधी?" सुनेनं इस्त्रीवरची नजर न उचलता विचारलं. तीस वर्षांत माई सिनेमात आणि मालिकांत मिळून बावीस वेळा मेल्या होत्या. घरात आता त्याचं अप्रूप कुणाला?

"सेटवर फोटोवाला आला होता. म्हणाला, माई, जरा हसा."

आता मात्र सुनेनं इस्त्री उभी केली. या धंद्यात म्हातारीला कुणी हसायला सांगितलं की समजावं, भिंतीवर चौकट टांगायची वेळ झाली. मालिकेतली आई जिवंतपणी रडते. हसते ती मेल्यावरच.

"मग हसलात, आई?"

"हसते मी. असं बघितलं की मेला दोन पावलं मागे सरला."

ही मालिका म्हणजे माईंच्या म्हातारपणाची काठी होती. बाकी जन्म गेला 'बाळा, आलास?' आणि 'बाळा, निघालास?' यात. इथं तीन वर्षं रोजचं काम होतं. काम काय, तर घरच्या गोतावळ्यामागे उभं राहायचं आणि नायिकेवर डोळे वटारायचे. गुडघे बोंबलत. खुर्ची मागितली की दिग्दर्शक म्हणे, "माई, सासू बसली की धाक जातो." धाक पडद्यावर आणि कळा माईंच्या गुडघ्यात. पण या वयात हातचं काम सुटलं की परत दारात येत नाही, म्हणून त्या उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी माईंनी ठरवलं, आपण किती ठणठणीत आहोत ते दाखवायचं. खोकायचं होतं तिथं त्या खोकल्या नाहीत. काठी कोपऱ्यात ठेवून दिली. नायिकेची बॅग स्वतः उचलून जिना चढल्या. मग प्रसंग आला चक्कर येण्याचा, तर माई खांबासारख्या ताठ.

"माई, इथं तुम्हाला चक्कर येते," दिग्दर्शक चौथ्यांदा म्हणाला.

"मला नाही येत. आत्ता जिना चढून आले."

"अहो, पण लिहिलंय तसं."

"लिहिणाऱ्याला येऊ दे." माईंचा बांध फुटला. "तीन वर्षं उभी राहिले, त्याचं हे फळ? सरळ सांगा, कधी मारताय मला?"

"कोण मारतंय?"

"फोटो काढलात ना?"

"तो ओळखपत्राचा, माई. फाटकावर दाखवायला. चहावाल्याचासुद्धा काढलाय."

माईंनी कोपऱ्यातली काठी परत हातात घेतली. पण शेजारी लेखक बसला होता. पुढच्या आठवड्यात काय घडवायचं हे त्याला तीन दिवस सुचत नव्हतं. त्यानं पेन तोंडातून काढलं आणि हळूच म्हणाला, "पण कल्पना वाईट नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुवारी माई तेविसाव्यांदा मेल्या. घाईत हसरा फोटो काढायचं राहून गेलं. ओळखपत्रावरचाच मोठा करून चौकटीत लावला. सुंभ जळाला होता, पीळ भिंतीवर होता.

घरी माई गरम पाण्यात पाय सोडून स्वतःशिवायची मालिका बघत बसल्या. पडद्यावर नायिका काहीतरी खोटं बोलली आणि कॅमेरा फोटोकडे वळला. फोटोनं असं काही बघितलं, की घरातली सून चटकन बोलून गेली, "आई, तुमची ती निळी कपबशी मीच फोडली."

"मी विचारलं का?" माई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी दिग्दर्शकाचा फोन आला. "माई, तुमच्या फोटोनं गाव वेडं केलंय. आता नायिका रोज त्याच्याशी बोलणार, आणि फोटो उत्तर देणार. तुमचा नुसता आवाज हवा."

"आणि मी कुठं उभी राहू?"

"उभ्या कशाला? भिंतीमागे बसायचं."

माई गेल्या. प्लायवूडच्या भिंतीमागे खुर्ची मांडलेली होती. हाताची, पाठीला उशी असलेली. माई बसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या सेटवर गुडघे गप्प झाले.

भिंतीपलीकडे नायिकेनं रडून घेतलं, हात जोडले, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. सगळेच उभे होते.

"माई," दिग्दर्शकानं दबक्या आवाजात विचारलं, "बोलताय ना?"

"थांबा जरा," भिंतीतून आवाज आला. "आत्ताच टेकलेय. मेलेल्या माणसाला कसली घाई?"