वसरामनं गाडी पारखली

प्रेमदासनं मोबाइलमध्ये यादी करून आणली होती. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळवायचा, टायर बघायचे, रंगाखाली पुट्टी आहे का ते ठोकून बघायचं, विम्याची तारीख बघायची. त्याच्या बापानं, वसरामनं, फक्त स्वतःचा उजवा तळहात आणला होता.

हिंगोलीबाहेर अय्याजच्या जुन्या गाड्यांच्या आवारात, लिंबाखाली, प्रेमदासची आई रूपाबाई खुर्चीवर बसली. गाडी तिच्यासाठीच घ्यायची होती. गुडघ्यांमुळं तिला एसटीची पायरी चढवेना. गेल्या महिन्यात कंडक्टरनं वरून ओढलं, प्रेमदासनं खालून लोटलं, तेव्हा ती नांदेडच्या डॉक्टरकडं पोचली. "पुन्हा तसं न्हाई जायची, दुखू दे," तिनं सांगून टाकलं होतं. पुढची तारीख सोमवारची होती.

अय्याजनं पांढरी उंच गाडी दाखवली. प्रेमदास यादी उघडेपर्यंत वसरामचा हात तिच्या बोनेटवर होता.

"ही गरम हाय."

"उन्हात उभी हाय न, काका."

"ऊन तं त्या लाल गाडीवर बी हाय. ती थंड काहून?"

अय्याज हसला, पण जरा उशिरा.

"लंगडं जनावर गिऱ्हाईक यायच्या आधी फिरवून आणतेत. पाय मोकळा झाला का लंगडणं दिसत न्हाई. निवू दे हिला. आमी बसतो."

वसरामच्या पणज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. घुंगरामागं घुंगरू, धुळीमागं धूळ, आणि पुढच्या पाणवठ्यापर्यंत पुरणारं एक गाणं. वसरामच्या वाट्याला ती लदणी आली नाही, पण बैल आले. चार तांड्यांची माणसं बाजाराला जाताना त्याला सोबत नेत. मग ट्रॅक्टर आले. वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, "वसराम, जनावर कसं हाय?" आज तो धुतलेला फेटा बांधून आला होता.

दोन चहांनंतर गाडी निवली. अय्याजनं चावी फिरवली. गाडी खोकली, काळा धूर सोडून गप्प झाली.

"लंगडी," वसराम म्हणाला.

दुसरी चंदेरी. तिच्यात बसायला त्यानं साफ नकार दिला. "बैलावर बसून चाल दिसते का?" धोतराचा सोगा धरून तो तिच्या मागं मागं चालला. "मागचं अंग डावीकडं पडते. मार बसेल हाय हिला." प्रेमदासनं वाकून बघितलं. खाली वेल्डिंग होतं.

अय्याजनं हात जोडले. "काका, उद्यापासून माझ्या दुकानात बसा, न्हाई तं घरी बसा. असं मधी उभं राहू नका!"

लाल गाडी मात्र पहिल्याच चावीला उठली, सरळ चालली, यादीतही बसली. वसरामनं तिच्या पाठीवर थाप मारली. त्याचे डोळे भरून आले होते. "घे, पोरा."

अय्याजनं पेढे आणले. "ये गं, बस," वसरामनं हाक दिली.

रूपाबाई बसली आणि विहिरीत बादली जावी तशी खाली गेली. "गादीवानी हाय!"

"उतर आता."

रूपाबाईला उतरता येईना. प्रेमदासनं हात ओढले, अय्याजनं पलीकडून पाठ लोटली, बांगड्या खळखळल्या. बाहेर आल्यावर तिनं ओढणी सारखी केली आणि नवऱ्याकडं बघितलं.

"लदणीवाल्यांच्या घरचे तुमी. आधी गोण बघायची का बैल?"

वसरामनं लाल गाडीकडं बघितलं.

"गोण तं दोन घंटे त्या खुर्चीवर बसून हाय. तिला कोणं इचारलं?"

मग ती एकेका गाडीचं दार स्वतः उघडत निघाली. पांढरीची सीट बराबर तिच्या कमरेला लागली. ती बसली, पाय खाली टेकवले, उठली. कुणाचा हात नाही. पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा उगाच, मजेसाठी.

"हीच."

"याडी, ती लंगडी हाय!" प्रेमदास आईवर ओरडला.

"प्लगचं काम हाय," अय्याज हळूच म्हणाला. "शनिवारपर्यंत मिस्त्रीकडून करून देतो."

"लंगडं जनावर मी कधी घरी नेलं न्हाई," वसराम म्हणाला.

"लंगडी तं मी बी हाव," रूपाबाई पुन्हा आत बसत बोलली. "मला बाजारात इकायला कवा नेता?"

वसरामनं फेटा उगाच चाचपला. मग तिच्या बाजूचं दार हळूच लावलं आणि पलीकडून जाऊन शेजारी बसला. प्रेमदासनं दोनदा रिक्षावाला खोळंबल्याचं सांगितलं. गाडी बंदच होती, तरी दोघं बराच वेळ उतरली नाहीत.