अख्खा देश लाल

"अंदाजराव, हे काय करून ठेवलंत?" साहेब दारातूनच ओरडले. "अख्खा देश लाल!"

हवामान कचेरीत सगळे ज्यांना अंदाजराव म्हणत, ते खुर्चीतच थिजले. समोरच्या टीव्हीवर देशाचा नकाशा या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक झाला होता. लाल म्हणजे उद्यापर्यंत विजा, गारा आणि वादळ. असला भयंकर नकाशा ते दर उन्हाळ्यात नवशिक्यांच्या सरावासाठी मोठ्या हौसेने रंगवत. आज खऱ्या अंदाजाऐवजी तोच रवाना झाला होता.

"विमानं थांबलीत! वाळवंटातले लोक छत्र्या शोधताहेत! आधी दुरुस्ती पाठवा!"

अंदाजराव दुरुस्ती पाठवतात न पाठवतात, तोच बायकोचा फोन आला. लेकीने निवडलेल्या मुलाचे आईवडील आज पहिल्यांदाच चहाला येणार होते. घर काडेपेटीएवढं, म्हणून बेत गच्चीवर केला होता. ही भेट फसली तर लग्न तर मोडेलच, वर लेक जन्मभर बोलून दाखवेल, या धास्तीने अंदाजराव आठवडाभर नीट जेवले नव्हते.

"अहो, टीव्ही बघून मी टेबलं, खुर्च्या सगळं खाली आणलं! पलंग उभा केलाय. पाहुण्यांना काय फ्रिजवर बसवू?"

"अगं, तो सरावाचा नकाशा होता, चुकून गेला. देशभर वादळबिदळ काही नाही, फक्त—"

"चुकून? धन्य आहे तुमची! चढवते परत सगळं," म्हणत तिने फोन आपटला.

दुरुस्ती पाठवताना नुकतंच दिसलेलं वादळ फक्त आपल्याच शहरावर आहे, हे अंदाजरावांचं सांगायचं राहूनच गेलं. त्यांनी पुन्हा पुन्हा फोन लावला. पण दोन्ही हातांत टेबल धरलेली बाई फोन उचलणार कशाने? शेवटी ते तसेच घराकडे पळत सुटले.

ते गच्चीवर पोचले, तेव्हा वादळही पोचलं होतं. टेबलावरची चादर शेजारच्या इमारतीकडे निघाली होती, कपांत गारा टपटपत होत्या आणि मुलाची आई डोक्यावर ट्रे धरून भिंतीला चिकटली होती.

"तो हवामानवाला एकदा भेटू दे मला!" टेबलाखालून मुलाचे वडील गरजले. "आधी म्हणे देश बुडणार, मग म्हणे चुकलं! चुकलं म्हटल्यावर आम्ही रेडिओ बंद करून निघालो, तर हे! आणि आपण कोण?"

"मी... मी हवा—"

"हे माझे बाबा!" लेक घाईघाईने मध्ये पडली. "टपालात असतात."

पोटच्या पोरीने आपली नोकरी बदलून टाकलेली ऐकून अंदाजरावांना धक्काच बसला. त्यांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं. ती पदराने कप पुसण्यात गर्क होती.

"टपालात? वा!" मुलाचे वडील सरकून जागा करत म्हणाले. "या, या, आत या. जे पाठवायचं तेच पाठवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे."

अंदाजराव मुकाट्याने टेबलाखाली शिरले.