पायडलास पाय लावू नये

गोरेगावचे मालगुजार झामसिंग पाटील यांच्या घरी गोंदियाहून बैलगाडीने शिवणयंत्र आले, तेव्हा ते कोठे ठेवावे हा प्रश्न उपस्थित झाला. यंत्र गड्यांनी उचलून पडवीत आणले. प्रश्न मात्र कोणालाच उचलता येईना.

यंत्र आणण्याचे कारण अगदी लहान होते. पाटलांची नात रुख्मा मागचा सारा हिवाळा खोकत होती. मुलीची छाती उबदार राखावी, नाहीतर पुढचा हिवाळा तिला जड जाईल, असे वैद्यांनी बजावले होते. तिची आई फुलवंता बालाघाटला मामाच्या घरी शिवणकाम शिकलेली. थंडी पडण्यापूर्वी लेकीला मऊ फलालिनीची बंडी शिवावी, एवढीच तिची इच्छा. फलालीनही यंत्राबरोबरच आली होती. म्हणजे कापड होते, यंत्र होते, हातही होते. उणीव होती ती व्यवस्थेची. आणि व्यवस्था हा तर पाटलांच्या जिव्हाळ्याचा विषय.

पाटील लोकल बोर्डाचे जुने सभासद. ठरावावाचून घरात वांगे चिरले जाणेही त्यांस बेकायदेशीर वाटे. त्यांनी तत्काळ 'गृह-शिवणकक्ष समिती' नेमली. अध्यक्ष स्वतः, चिटणीस चिरंजीव लक्ष्मीचंद आणि शास्त्रीय सल्लागार गोवर्धन जोशी. शिवणारी व्यक्तीही समितीत असावी, असे पाटलांच्या पत्नी सुखवंताबाईंनी सुचविले. परंतु सासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडू नये, आणि तोंड न उघडणारा सभासद म्हणजे जागेचा अपव्यय, या कारणास्तव ती सूचना फेटाळण्यात आली. घरात रीत अशी होती की, सासऱ्यांनी सुनेस काही सांगायचे असल्यास भिंतीकडे पाहून सांगावे आणि सुनेने नातीकडे पाहून उत्तर द्यावे. भिंत आणि नात, दोघीही या कामात तरबेज झाल्या होत्या.

पहिली सभा दिशेविषयी झाली.

"पूर्वेले खिडकी हाय, उजेड हाय," लक्ष्मीचंद म्हणाला.

"अन् देवघर नाही का तिथं?" सुखवंताबाई दारातून कडाडल्या. "त्या मशीनले चामड्याचा पट्टा हाय. देवाले बाटवतं का गा?"

"मंग उत्तरेले?"

"तिथं धानाची कोठी. लक्ष्मीच्या उरावर लोखंड ठेव म्हना!"

दक्षिण दिशा यमाची. तिकडे सुई-कात्री मांडणे म्हणजे त्याला पाट मांडून बोलावणे, असे जोशीबुवांनी सांगितले. पश्चिमेस पाटलांची बैठक. तेथे पुरुषमंडळी पान खात बसत.

फुलवंता पदराआडून लेकीला म्हणाली, "रुख्मा, तुया आजाले सांग, अंगनात ठेवली तरी चालन. उजेड असला म्हंजे झालं."

पाटील भिंतीला म्हणाले, "अंगनात ढोरं बांधतेत. मालगुजाराची मशीन ढोराजवर? लोक का म्हनतीन?"

अखेर चारही दिशा टाळून यंत्र माजघराच्या मधोमध ठेवण्याचा ठराव झाला. तेथे उजेड नव्हता, पण दोषही नव्हता. समितीच्या मते ही जागा सर्वोत्तम होती. कारण तिच्याविरुद्ध कोणासच काही म्हणता आले नाही.

त्यानंतर आसनाचा प्रश्न निघाला. पायाने चालणाऱ्या यंत्रापुढे स्टुलावर बसावे लागते. सुखवंताबाई पाटावर बसत. सासू पाटावर आणि सून स्टुलावर, हे दृश्य ज्या घरात दिसेल त्या घराची मुले बिघडतात, असे जोशीबुवांनी आपल्या अनुभवावरून सांगितले. त्यांस मूलबाळ नव्हते. तथापि उपाय सापडला. स्टुलापुरता जमिनीत हातभर खोल खड्डा खणण्यात आला. आता सून सासूहून खाली बसली. पण तिचे डोके यंत्राच्या फळीला लागले. म्हणून खड्डा रुंद करून यंत्रही आत उतरविण्यात आले. मर्यादा आणि शिवणकाम या दोहोंचा असा सुंदर समन्वय जिल्ह्यात अन्यत्र झाला नसावा.

फुलवंता काठावर उभी राहून आत डोकावली. "रुख्मा, आजाले इचार, मले शिवाले बसवून राहिले का पुरून राहिले?"

"मर्यादा हाय म्हनून घर हाय," पाटलांनी भिंतीला समजावले.

खड्ड्यात सुईचे नेढे दिसेना. दिवा ठेवावा, तर फलालीन पेट घेईल. या मुद्द्यावर सभा तहकूब झाली, आणि तेवढ्यात दसरा आला.

दसऱ्याला अवजारांची पूजा करण्याची वहिवाट. नांगर, विळे, तलवार यांच्यासमवेत शिवणयंत्राचाही मान ठरला. पूजेची वस्तू खड्ड्यात शोभत नाही म्हणून ते वर काढले, आणि चामडे देवाला चालत नाही म्हणून त्याचा पट्टा काढून गोठ्यात टाकला. जोशीबुवांनी यथाविधी देवीचे आवाहन केले, चाकाला हळद-कुंकू वाहिले, सुईच्या दांडीला झेंडूची माळ घातली. सुखवंताबाईंनी पदर पसरून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी फुलवंताने गोठ्यातून पट्टा आणून जोडला, स्टूल ओढले आणि पायडलावर पाऊल ठेवले.

"अवो माय!" सुखवंताबाई किंचाळल्या. "देवीले लाथ मारली!"

समिती धावत जमली. जोशीबुवांनी निर्णय दिला की, आवाहन झाले आहे, विसर्जन कोणी सांगितले नव्हते. सबब देवी अद्याप आत आहे.

"मंग आत्ता विसर्जन करा ना," लक्ष्मीचंद प्रथमच बायकोच्या बाजूने बोलला.

"विसर्जन पाण्यात करतात, चिटणीस," जोशीबुवा शांतपणे म्हणाले.

फुलवंताने लेकीला जवळ ओढले. "रुख्मा, बुवाले इचार, पाय लावाचा नोहता त देवीनं पायडल कायले आनलं सोबत?"

या प्रश्नावर समितीने विचार केला नाही, कारण तो विषयपत्रिकेवर नव्हता.

थंडी पडली. रुख्मा खोकू लागली. त्याच आठवड्यात सुखवंताबाईंना वाटले की देवीलाही गार लागत असावे. घरात नवे, न धुतलेले असे एकच कापड होते. देवीच्या अंगावर फलालीन पांघरण्यात आली. फुलवंता बंडी कापायला आली, तेव्हा तिला समजावण्यात आले की देवाला शिवलेले वस्त्र वर्ज्य आहे. म्हणून हे कापड आता कधीच शिवता येणार नाही.

"पोरगी खोकलून राहिली, मामाजी!" ती म्हणाली. भिंतीला नाही, नातीला नाही, सरळ सासऱ्याला. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. "देवी खोकलली का एकदा तरी?"

फुलवंताने देवीच्या अंगावरचे कापड ओढून घेतले, अंगणात ढोरांजवळ उन्हात बसली आणि साध्या सुईने शिवू लागली. तिने मांडीखाली काय घेतले, तोंड कोणत्या दिशेला केले, याची नोंद कोठेही नाही. तिन्हीसांजेस बंडी रुख्माच्या अंगात होती. काही दिवसांत खोकला थांबला.

समितीने विशेष सभा बोलावून या घटनेची दखल घेतली. वस्त्रहरण होऊनही देवीने कोप न करता उलट मुलीचा खोकला घेतला, याबद्दल देवीचे आभार मानण्याचा ठराव एकमताने संमत झाला. वार्ता पसरली. कोहमाऱ्यापासून चिचगडपर्यंतच्या बाया खोकणारी लेकरे कडेवर घेऊन माजघरात येऊ लागल्या. येताना प्रत्येक बाई देवीसाठी कापड आणी. माजघरात फलालिनीचा ढीग झाला आणि लेकरे उघडीच परत गेली.

अंगणातून फुलवंता ओरडे, "ते कापड इकडं आना वो बायांनो, मी शिवून देतो!" बाया हसत. देवीचे कापड सुनेच्या हाती कोण देणार?

हे वाचून आपणांस गोरेगावकरांची कीव आली असेल. येणे स्वाभाविक आहे; आपण सुशिक्षित आहात. आपल्या देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली पोथीही असेलच. तीत काय सांगितले आहे, एवढे आज घरातील कोणासही विचारून पाहा. सगळे हात जोडतील.