आधी पट्टा, मंग ओझं

आमच्या मस्तगडच्या गल्लीत कुणी गॅसची टाकी उचलायला वाकलं, की शेजारच्या ओट्यावरून आरोळी येते, "थांब! आधी पट्टा, मंग ओझं!" मुलांनो, हे आमचे पट्टा सर. मागच्या खेपेला तुमच्या बॅगा फाटकातच अडवल्या होत्या ना, तेच.

कुंभार पिंपळगावच्या शाळेत ते व्यायामशिक्षक होते. त्यांचा सगळा जीव एकाच स्नायूवर, पोटाच्या सर्वांत आतल्या थरातल्या आडव्या स्नायूवर. "वरचे स्नायू मिरवायला. हा दिसत न्हाई, पण पाठीपासून पुढपर्यंत पोटाला गुंडाळलेला हाय. हात हलायच्या आधी हा आवळतो, तवा कणा जाग्यावर राह्यतो. कुदरतीचा पट्टा!" मग समोरच्याच्या कमरेच्या हाडाजवळ, जरा आतल्या बाजूला, दोन बोटं दाबून त्याला खोकायला लावायचं. बोटांखाली घट्ट लागलं की, "बराबर!" एका लग्नात त्यांनी वरबापालाच खोकायला लावलं. तो रुसता रुसता राहिला.

त्यांच्या पत्नी शांतावहिनी म्हणायच्या, "सवत असती तर भांडले असते. पट्ट्याशी काय भांडू?"

त्या वहिनींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. रोज पलंगावरून खुर्चीत सरच त्यांना उचलून बसवत. परवा सरांचीच पाठ धरली आणि पुण्याहून मुलगा, प्रकाश, गाडी घेऊन आला.

"काकू, तुम्ही तरी समजवा," तो मला म्हणाला. "आईला तिकडे पुण्यात शुश्रूषा केंद्रात ठेवतो. बाबांची पाठ गेली तर दोघंही पडतील."

त्याचं चूक नव्हतं. वहिनींची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

"एकडाव उचलून दाखवतो," सर म्हणाले. "न्हाई जमलं तर बिलकुल अडवणार न्हाई. घेऊन जा."

सरांनी घाईघाईने वहिनींच्या पाठीमागे हात घातला आणि श्वास रोखून तसेच वाकले. गुडघे ताठ, पोट सैल. साऱ्या गल्लीला अडवणारा माणूस स्वतःचाच धडा विसरला होता. प्रकाश पुढे झाला.

तेवढ्यात वहिनींचा डावा हात उठला. सरांच्या कमरेच्या हाडाजवळ, बरोबर त्या जागी, त्यांनी दोन बोटं रोवली आणि डोळे वटारले.

सर थबकले. गुडघे वाकवले, हळूच श्वास सोडला, पोट आत घेतलं. वहिनी बोटांनी चाचपत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली.

सर उठले. वहिनी अलगद खुर्चीत बसल्या.

प्रकाश दाराशी गेला आणि पिशवी उचलून पुन्हा आत ठेवली.

"बास की आता," सर वहिनींना म्हणाले. "झालं ना."

वहिनींनी बोटं काढली नाहीत.