वापेलो समुद्रास मिळाले त्याची हकीकत

स्वस्ति. मक्याच्या मुलुखात, जेथून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्र लवकर लागत नाही, तेथील वापेलो स्टेट विद्यापीठ महासमुद्र संघात, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका जुटीत, कैसे दाखल जाहले, मसलत कोणी केली, विमान कोठे उतरले आणि त्याने कोणाची झोप उडाली, हे पुढील पिढ्यांस ठाऊक असावे. कारण पुढे विद्यापीठे इतक्यांदा संघ बदलतील की आपण कोणत्या संघाचे हे खेळाडूंस पोशाखावर वाचून पाहावे लागेल. यात जे खोटे आहे ते चाहत्यांच्या संगणकावरील चावडीवरून घेतले आहे. जे खरे आहे ते कोणी कबूल करीत नाही.

पूर्वी वापेलोचे राज्य ‘प्रेअरी नऊ’ नामक संघात नांदत होते. त्यात विद्यापीठे सहा. तीन फितूर होऊन श्रीमंत संघांस मिळाली आणि नाव मात्र राहिले, कारण पाट्या नुकत्याच रंगविल्या होत्या. मग सामने दाखविणाऱ्या वाहिनीने कळविले की कराराची मुदत सरली, नवा करार होणे नाही, आणि तो पैसा तुटताच कुस्ती, पोहणे आणि मुलींचा सॉफ्टबॉल या तीन पथकांची छावणी उठणार हे उघड जाहले. तेव्हा वापेलोच्या क्रीडासंचालिका, खाशा ग्वेन व्हँडरप्लूग, यांस अन्न गोड लागेना.

ऐशा समयी महासमुद्र संघाचे आयुक्त ट्रेंट कॅरावे यांचा निरोप आला की आमच्यात यावे, वाहिन्यांच्या चौथाईतला हिस्सा घ्यावा. तो हिस्सा ऐसा की प्रेअरीची दहा सालांची कमाई त्यात बुडून जावी. अट एकच. नोव्हेंबराचा शेवटचा शनिवार संघाच्या हवाली करावा.

तो शनिवार टिल्डनचा. नदीच्या अलीकडे वापेलो, पलीकडे टिल्डन कॉलेज, मध्ये पूल, आणि त्या दिवशी दोहोंची फुटबॉलची, म्हणजे त्या देशी चेंडू हाती धरून धावतात त्या खेळाची, लढाई पणजोबांच्या अमलापासून चालत आलेली. टिल्डनास कोणत्याही समुद्राचे बोलावणे नव्हते. आणि टिल्डनचे क्रीडासंचालक लायल हॅगन हे ग्वेन यांच्या सख्ख्या बहिणीचे, जोअ‍ॅनचे, यजमान.

दोघे संचालक किराणा दुकानाच्या दारात गाठ पडले, ट्रॉलीस ट्रॉली भिडली, माघार घेण्यास जागा नव्हती.

“समुद्राला निघालात म्हणे,” लायल म्हणाले. “पोहता येतं का?”

“अजून काही ठरलं नाही, लायल.”

“ठरवायचं काय त्यात? मला एवढे दिले असते तर मी होडीतच झोपलो असतो.” मग त्यांनी उगाच टोमॅटोची पिशवी इकडची तिकडे केली. “आमचं मैदान दोन वर्षांतून एकदा भरतं, ग्वेन. तुम्ही येता तेव्हा.”

“माहीत आहे मला.”

“मग जोअ‍ॅनला तूच सांग. मला घरात राहायचंय.”

ग्वेन गाडीत बसल्या आणि बहुत वेळ चावी फिरविली नाही. सामना राखावा तर तीन पथके जातात, पथके राखावी तर सामना जातो, आणि दोन्ही राखण्याची वाट कोणत्याही नकाशात नव्हती. तिकडे विद्यापीठाचे अध्यक्ष डॉक्टर वेदरबी यांनी फर्माविले की सोमवारी सही करावी आणि टिल्डनास एक सुरेखसे शुभेच्छापत्र धाडावे.

*वाहिनीचा विराम. बखर येथे थांबली आहे. वाचकांनी पाय मोकळे करावे. डुकरांस स्लेगर यांचे खाद्य घालावे.*

तेच हे स्लेगर. डुआन स्लेगर, पशुखाद्याचे धनी, वापेलोचे थोर आश्रयदाते, ज्यांचे खासगी विमान विद्यापीठाच्या कामी येई. आणि त्या मुलुखाचा दस्तूर ऐसा की विमानाच्या शेपटीवरील आकडा चाहत्यांस स्वतःच्या लग्नाच्या तारखेहून पक्का पाठ. विमान हलले की संगणकावर टेहळणी सुरू, आणि ते जेथे उतरेल तेथे काय शिजते याचा तर्क सुरू. जासूद म्हणून एवढे निष्ठावंत लोक कोणत्याही बादशहास पगार देऊन मिळाले नसते.

शुक्रवारी विमान मेम्फिसास उतरले. मेम्फिस म्हणजे महासमुद्राच्या वैरी ‘सदर्न क्राउन’ महासंघाची राजधानी. चावडी पेटली.

“मेम्फिस! मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं!”

“तू गेल्या वर्षी डेन्व्हर म्हणाला होतास, गाढवा.”

“माझ्या मेव्हण्याचा मित्र विमानतळावर आहे. दोन माणसं उतरली. एक नक्की ग्वेन.”

“आणि दुसरं?”

“दुसरं पांघरुणात गुंडाळलेलं होतं. चौघांनी उचललं.”

दुसरे डुक्कर होते. डुआन हे दर साली मेम्फिसास धुरावर डुक्कर भाजण्याच्या स्पर्धेस जात, स्वतःचे डुक्कर घेऊन जात, आणि पहिले माणूस ते स्वतः.

ग्वेन त्या समयी सॉफ्टबॉलच्या मैदानी उभ्या राहून सराव पाहत होत्या. फोन वाजला. आयुक्त कॅरावे.

“काय ग्वेन, मेम्फिसची हवा कशी आहे?”

“मला काय विचारता? मी इथे सॉफ्टबॉलच्या मैदानावर आहे.”

“अर्थात. सॉफ्टबॉल.” आयुक्तांनी आवाज खाली आणिला. “शेजारी ते लोक बसलेत ना? नुसतं हं म्हणा.”

“ट्रेंट, डुआन डुक्कर भाजायला गेलाय.”

मग आयुक्तांनी गंभीरपणे विचारिले, “ते किती देतायत?”

“कोण?”

“बरं, नका सांगू. तुम्हाला काय हवंय ते सांगा.”

ग्वेन यांस तेव्हा उमगले की आयुष्यात आपण इतके खरे कधी बोललो नव्हतो आणि आपला इतका धाकही कधी पडला नव्हता. त्यांनी मैदानाकडे पाहिले. पोरी धुळीत घसरून पुन्हा उठत होत्या.

“नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार,” त्या म्हणाल्या. “टिल्डनशी. कायमचा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

कॅरावे मुरब्बी गडी, फुकट काही देणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी कळविले की शनिवार दिला, परंतु त्याबदली पाच साल निम्मा हिस्सा मिळेल. ग्वेन यांनी मनात हिशेब केला. निम्म्यात तीन पथके जगत होती. फुटबॉलच्या सेनापतीस कबूल केलेले कपडे बदलण्याचे दालन, ज्यात धबधबा होता, ते मरत होते. त्या हो म्हणाल्या.

*येथे एक पान नाही. ते विद्यापीठाच्या वकिलांनी काढून नेले.*

सोमवारी अध्यक्षांचे मुख लाल जाहले होते. “धबधबा मी जाहीर केलाय, ग्वेन! टाळ्या पडल्या होत्या!”

“मग पोरांना नदीवर न्या, डॉक्टर. ती फुकट वाहते.”

“निम्मा हिस्सा? एका सामन्यासाठी? मी सही करणार नाही.”

तोंच दार लोटून डुआन आले. अंगास धुराचा वास, छातीवर तिसऱ्या क्रमांकाची फीत, आणि मागील तीन दिवसांत आपण काय घडविले याची खबर बिलकुल नाही. त्यांनी उभ्या उभ्या सगळे ऐकून घेतले.

“थांबा,” ते म्हणाले. “टिल्डनशी खेळायचंच नाही? मग मी इतकी वर्षं पैसे कशाला देतोय?”

अध्यक्षांनी लेखणी मागविली. येणेप्रमाणे तह जाहला.

*विराम. वाहिनीस लढाई अकरा वाजता हवी आहे.*

मग नोव्हेंबर आला. वाहिनीच्या हुकुमाने लढाई सकाळी अकरास लागली, आणि लोकांनी गाड्यांमागे चुली मांडून उजाडतेवेळीच सॉसेज परतली आणि न्याहारीबरोबर बिअर प्यायली आणि हवामानास शिव्या दिल्या. रणभूमी टिल्डनची. उभे राहण्यास जागा नव्हती. वापेलोची फौज मागील आठवड्यात समुद्रकिनारी लढून, अर्धा देश ओलांडून, पेंगत आली होती, आणि तिची ऐशी दाणादाण उडाली की तिसऱ्या भागात वापेलोचा वाद्यवृंदही टिल्डनची गाणी गुणगुणू लागला.

त्या लढाईचा दस्तूर ऐसा की हरल्या पक्षाच्या संचालकाने जिंकल्या पक्षाच्या वाद्यवृंदास स्वहस्ते जेवू घालावे. पदार्थ ठरलेला, वाडगाभर चिली, म्हणजे राजमा घातलेला तिखट खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल. ग्वेन एप्रन बांधून पातेल्यामागे उभ्या राहिल्या. रांगेत ढोलवाले, तुतारीवाले, आणि ज्यांस कोणतेही वाद्य वाजविता येत नव्हते ते लायल हॅगन, वाडगा घेऊन.

“तू वाद्यवृंदात कधीपासून?”

“आज मी शिट्टी वाजवली. जरा खालून ढवळून वाढ, ग्वेन. वर नुसतं पाणी आहे.”

“जिंकलेल्यांनी माज करू नये.”

“जिंकलेल्यांनीच करायचा असतो.” लायल यांनी वाडगा घेतला आणि जागचे हलले नाहीत. मागे गच्च भरलेले मैदान अजून रिकामे होत नव्हते. “जोअ‍ॅन विचारत होती, जेवायला येशील का.”

“इथलं उरकलं की येते.”

सबब नोंद करण्यात येते की त्या शनिवारी वापेलो स्टेटने टिल्डनकडून एकतीस विरुद्ध सात असा संपूर्ण पराभव संपादन केला, पातेले तळापर्यंत खरवडले, आणि खाशा ग्वेन व्हँडरप्लूग यांची फत्ते जाहली.